इचलकरंजी : ख्यालाचे आणि मागांचे गाव

पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरच्या पूर्वेला, हातकणंगले तालुक्यात वसलेली इचलकरंजी आज यंत्रमागांचे शहर म्हणून ओळखली जाते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती आणि २०२२ मध्ये येथे महानगरपालिका आली. सायझिंगच्या चिमण्या, कापडाच्या गाठी वाहणारे टेम्पो आणि रात्रपाळीतही न थांबणारा खडखडाट हे या शहराचे रोजचे रूप. पण भारतीय संगीताच्या इतिहासात इचलकरंजीचे नाव मागांमुळे आलेले नाही. ते एका गवयाच्या आडनावातून आले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि त्यांच्या शिष्यांची मालिका हे या गावाचे सर्वांत मोठे देणे आहे. आज ज्याला सर्रास महाराष्ट्राची शास्त्रीय संगीताची परंपरा म्हटले जाते, तिचा फार मोठा भाग या एका गुरूच्या घरातून निघालेला आहे.

गावाचा इतिहास मात्र कोकणातून सुरू होतो. वेंगुर्ल्याजवळच्या म्हापणचे नारो महादेव जोशी नशीब काढायला घाटावर आले आणि सेनापती संताजी घोरपडे यांच्या पदरी राहिले. संताजींनी त्यांच्यावर लोभ केला, वतने दिली आणि नारोपंतांनी कृतज्ञतेने धन्याचे आडनाव घेतले. अशा रीतीने कोकणस्थ जोशी घराणे इचलकरंजीचे घोरपडे झाले. नारोपंतांचे पुत्र व्यंकटराव यांचा विवाह पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या अनुबाई हिच्याशी झाला. थोरल्या बाजीरावांची ही बहीण मोठी कर्तबगार होती. पतीच्या मृत्यूनंतर मुलाच्या नावाने तिने जहागिरीचा कारभार अनेक वर्षे समर्थपणे पाहिला आणि पेशव्यांच्या नात्यामुळे या लहानशा संस्थानाला पुण्याच्या राजकारणात वजन आले. पुढच्या काळात कोल्हापूरच्या छत्रपतींशी जहागिरीचा दीर्घकाळ वाद चालला. इंग्रजी अमलात इचलकरंजी कोल्हापूरच्या ताब्यातली जहागीर म्हणून राहिली. या सगळ्याचा साधार वृत्तांत मूळचे गुहागरचे आणि मिरजेत शिक्षक असलेले इतिहासकार वासुदेवशास्त्री खरे यांनी लिहिला. त्यांचा इचलकरंजी संस्थानाचा इतिहास १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोकणातून वर चढणाऱ्यांची ही वाट पुढेही वाहती राहिली. रत्नागिरीहून निघालेला रस्ता हातखंब्याला मुंबई-गोवा मार्गाला मिळतो आणि पुढे पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर करत कोल्हापुरात उतरतो. घाटाच्या माथ्यावर पटवर्धन, घोरपडे यांच्यासारख्या कोकणी मुळाच्या जहागिरदारांची गावे एकमेकांना लागून होती. सांगली, मिरज, कुरुंदवाड, इचलकरंजी ही सारी गावे आज तासाभराच्या टप्प्यात येतात. प्रत्येकाचा दरबार लहान, उत्पन्न बेताचे, पण प्रत्येकाला आपल्या पदरी एखादा विद्वान, एखादा गवई, एखादा कीर्तनकार असावा असे वाटे. एका दरबारात जम बसला नाही तर गुणी माणसाला दुसरा दरबार हाकेच्या अंतरावर होता. मोठ्या राजधान्यांपासून दूर असलेल्या या टापूत संगीत इतके का फुलले, याचे उत्तर बहुतांशी या दाटीत आहे.

एकोणिसाव्या शतकात या टापूत रंगभूमीचाही पाया घातला गेला. सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि त्यांच्या पाठोपाठ निघालेल्या नाटक मंडळ्यांत इचलकरंजीकर नाटक मंडळीचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. गावाचे नाव घेऊन फिरणारी ही मंडळी पौराणिक खेळ करत असे. इचलकरंजीचे नाव महाराष्ट्रभर प्रथम पोहोचवले ते या नटांनी. १८७० मध्ये गावात वाचनालयही निघाले. ते पुढे आपटे वाचन मंदिर म्हणून नावारूपाला आले आणि आजही चालू आहे.

या काळात महाराष्ट्रातल्या सामान्य श्रोत्याच्या कानावर पडणारे गाणे म्हणजे कीर्तन, भजन, लावणी, पोवाडा आणि नाटकातली पदे. ख्यालाची मोठी पेठ होती ती ग्वाल्हेर. शिंद्यांच्या आश्रयाला नत्थन पीरबक्ष यांचे नातू हस्सूखाँ, हद्दूखाँ आणि नथ्थूखाँ यांनी तिथे ख्यालाला एक भरदार, शिस्तबद्ध रूप दिले होते. मध्य हिंदुस्थानातली मराठी संस्थाने ही महाराष्ट्रातल्या होतकरू मुलांसाठी ओळखीची जागा होती, कारण तिथे भाषा बोलणारी, जेवूखाऊ घालणारी आपली माणसे भेटत. उस्तादांनीही मराठी ब्राह्मण शिष्यांना विद्या दिली. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी आणि धारचे देवजीबुवा परांजपे ही त्यांतली ठळक नावे. देवजीबुवा आणि वासुदेवबुवा या दोघांकडूनही जे घेता येईल ते घेऊन दक्षिणेत परतणारा तरुण म्हणजे बाळकृष्णबुवा.

बाळकृष्णबुवांचा जन्म १८४९ चा, मिरज-इचलकरंजी परिसरातला. वडील रामचंद्रबुवा हे स्वतः गाणारे होते आणि मुलाने गवई व्हावे अशी त्यांची इच्छा होती. घरची परिस्थिती ओढगस्तीची. लहानपणीच बाळकृष्णाने गाणे शिकण्यासाठी घर सोडले आणि जवळपासच्या गवयांकडे थोडेथोडे शिकत तो धारपर्यंत पायपीट करत गेला. देवजीबुवांच्या घरी पाणी भरणे, स्वयंपाक करणे, गुरूची सेवा करणे आणि कान उघडे ठेवणे असा त्याचा दिनक्रम होता. पण देवजीबुवांच्या घरातल्या विरोधामुळे तिथले शिक्षण अर्धवट राहिले. मग वासुदेवबुवा जोशींचा आसरा मिळाला आणि ग्वाल्हेर गायकीची खरी तालीम तिथे झाली. पुढे मुंबईत हद्दूखाँचे पुत्र महंमदखाँ यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. वासुदेवबुवांकडून हस्सूखाँची आणि महंमदखाँकडून हद्दूखाँची, अशा गायकीच्या दोन्ही धारा त्यांच्याकडे आल्या होत्या.

मुंबईत त्यांनी गायन समाज चालवला आणि ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिकही काढले. संगीतावर मराठीतून नियतकालिक निघावे ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. या गोष्टीकडे अनेकदा दुर्लक्ष होते, कारण बुवांची प्रतिमा जुन्या वळणाच्या दरबारी गवयाची आहे. छापील शब्द आणि सार्वजनिक संस्था या दोन्हींचे महत्त्व त्यांना उमगले होते. पण मुंबईची दमट हवा त्यांना मानवली नाही. दम्याचा विकार बळावला आणि ते कोरड्या हवेच्या मिरजेत आले. मिरजेच्या पटवर्धनांनी त्यांना आश्रय दिला. पुढे इचलकरंजीच्या घोरपड्यांनी त्यांना दरबारी गवई म्हणून बोलावून घेतले आणि ते कायमचे इचलकरंजीकर झाले.

महाराष्ट्राच्या संगीताच्या दृष्टीने हा दमा इष्टापत्ती ठरला. प्रकृती धड राहिली असती तर बुवा मुंबईसारख्या शहरात किंवा एखाद्या मोठ्या दरबारात मैफली करत राहिले असते आणि मोठे गवई म्हणून गेले असते. त्या काळच्या कलावंताला फिरणे चुकत नसे. बुवा मात्र एका जागी बसले आणि त्यांच्याभोवती शिष्य गोळा झाले. गाण्यापेक्षा शिकवण्यात त्यांचे आयुष्य अधिक खर्ची पडले आणि तेच फळाला आले.

त्यांची शिकवण्याची पद्धत गुरुकुलाची होती. शिष्य घरीच राहत, पडेल ते काम करत, पहाटे खर्जाचा रियाज करत. एकच राग महिनोन् महिने चाले. बंदिशीची स्थायी आणि अंतरा संपूर्ण, शब्दांची मोडतोड न करता म्हणायची. मग तिच्या अंगाने आलाप, बेहेलावे, बोलताना आणि शेवटी सपाट ताना. आवाज मोकळा, आकार स्वच्छ, लय डोळ्यांसमोर. तिलवाडा आणि झुमरा या ठेक्यांतल्या विलंबित ख्यालापासून टप्पा, तराण्यापर्यंत सारे प्रकार यायलाच हवेत असा दंडक होता. यमन, भूप, बिलावल अशा सरळ, प्रसिद्ध रागांवर ग्वाल्हेरवाल्यांचा भर असतो. अनवट रागांच्या चमत्कृतीने श्रोत्याला थक्क करणे या गायकीला मंजूर नाही. ओळखीच्या रागात बंदिशीच्या चौकटीत राहून गाणे उभे करायचे, ही तिची शिस्त. नेमक्या याच शिस्तीमुळे ही गायकी शाळेत शिकवता येण्याजोगी, पाठ्यक्रमात बसवता येण्याजोगी ठरली. पुढे संगीताच्या शाळा निघाल्या, त्या या घराण्यातून निघाल्या यात आश्चर्य नाही.

बुवांच्या शिष्यांत सर्वांत मोठे नाव विष्णु दिगंबर पलुसकर यांचे. त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते आणि कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या घराशी या कुटुंबाचा घरोबा होता. लहानपणी फटाक्याची दारू चेहऱ्यावर उडून विष्णूचे डोळे भाजले. उपचारासाठी त्याला मिरजेला नेण्यात आले. दृष्टी पुरती सुधारली नाही. शाळेचे शिक्षण खुंटले आणि डोळ्यांवर ताण न पडणारी विद्या म्हणून मिरजेचे डॉक्टर भडभडे यांनी गाण्याचा मार्ग सुचवला. मिरजेतच असलेल्या बाळकृष्णबुवांकडे हा मुलगा सोपवण्यात आला आणि सुमारे बारा वर्षे, म्हणजे १८९६ पर्यंत, त्याने तिथे विद्या घेतली.

पलुसकरांच्या मनाला वळण देणारा एक प्रसंग मिरजेतला सांगितला जातो. एका सार्वजनिक समारंभाचे आमंत्रण त्यांना मिळाले, पण त्यांच्या गुरूंना मिळाले नाही. चौकशी केल्यावर कळले की पलुसकरांना संस्थानिकांच्या मर्जीतला मुलगा म्हणून बोलावले आहे, बाकीचे काय, ते तर गवई. विद्येत आपल्यापेक्षा कितीतरी थोर असलेल्या माणसाची समाजात ही किंमत असेल तर कलेला प्रतिष्ठा मिळवून दिल्यावाचून गत्यंतर नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. प्रसंगाचे तपशील वेगवेगळ्या चरित्रकारांनी थोडे वेगळे दिले आहेत, परंतु पलुसकरांच्या पुढच्या साऱ्या उद्योगाचे मूळ गवयाच्या अवहेलनेत होते यात शंका नाही.

१८९६ मध्ये मिरज सोडून ते बडोदा, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे फिरत गेले. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. राजाच्या मर्जीवर न जगता श्रोत्यांच्या पैशावर गवयाने उभे राहावे, हा विचार त्यामागे होता. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. फी, लोकवर्गणी आणि मैफलींचे उत्पन्न यांवर चालणारी ही संस्था. ठरलेला पाठ्यक्रम, वर्ग, परीक्षा, पदव्या, छापील पुस्तके आणि पलुसकरांनी स्वतः बसवलेली स्वरलिपी, असे शिक्षणाचे सारे अंग त्यांनी उभे केले. मुलींनाही त्यांनी वर्गात घेतले. गुरूच्या घरी बारा वर्षे पाणी भरून मिळणारी विद्या फी भरणाऱ्या कोणालाही मिळू लागली. गुरुकुलातून येणारी खोली या पद्धतीत येत नाही, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. तिच्यात तथ्य आहे. परंतु उत्तम गवई घडवण्यासाठी लागणारे जाणते श्रोते आणि चांगले शिक्षक या शाळांनी दिले, आणि पलुसकरांचे निवडक शिष्य तर त्यांच्याजवळ राहून गुरुकुलाच्याच रीतीने शिकत होते.

१९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली. काँग्रेसच्या अधिवेशनांत पलुसकरांचे गाणे होऊ लागले. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी आक्षेप घेतला असताना त्यांनी वंदे मातरम् पूर्ण गायल्याची घटना प्रसिद्ध आहे. मुंबईतल्या संस्थेच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज त्यांना भोवले. इमारत हातची गेली आणि शेवटची वर्षे त्यांनी नाशिकला रामनामात घालवली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. ज्या गावात त्यांना विद्या मिळाली, तिथेच त्यांचा देह पडला.

त्यांच्या शिष्यांची नावे नुसती घेतली तरी पुढच्या अर्धशतकाचा इतिहास समोर येतो. ओंकारनाथ ठाकूर, मिरजेचे विनायकराव पटवर्धन, कोल्हापूरचे शंकरराव आणि नारायणराव व्यास हे बंधू, मिरजेचेच बा. र. देवधर. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्याला गांधर्व महाविद्यालय काढले. ओंकारनाथ बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. देवधरांच्या मुंबईतल्या शाळेत कुमार गंधर्वांनी धडे घेतले. विष्णु दिगंबरांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांनी ‘बैजू बावरा’ या १९५२ च्या चित्रपटात अमीरखाँ यांच्याबरोबर गाऊन घराघरांत नाव मिळवले. १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले नसते तर या शाखेचे चित्र वेगळे दिसले असते.

पलुसकरांच्या कार्याचा पसारा इतका मोठा की बुवांचे इतर शिष्य त्यामागे झाकले गेले. हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, यांनी बुवांकडून तालीम घेऊन मुंबईला शाळा चालवली आणि पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींच्या दरबारी ते गवई झाले. १९५५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे पुत्र गजाननराव जोशी हे गायक आणि व्हायोलिनवादक या दोन्ही नात्यांनी पहिल्या प्रतीचे कलावंत होते. त्यांच्या शिष्यांपैकी उल्हास कशाळकर यांचे गाणे आजच्या श्रोत्याच्या परिचयाचे आहे. कशाळकरांच्या ख्यालात बंदिशीचा जो मान राखलेला दिसतो, त्याचा धागा गजाननराव, अंतुबुवा असा थेट बाळकृष्णबुवांपर्यंत जातो.

यशवंत सदाशिव मिराशी, म्हणजे मिराशीबुवा, यांचा जन्म १८८३ चा. त्यांनी नाट्यकला प्रवर्तक मंडळीत गायक नट म्हणून नाव मिळवले आणि रंगभूमी सोडल्यावर पुण्यात अध्यापन केले. ग्वाल्हेरच्या बंदिशी त्यांनी स्वरलिपीत बांधून ‘भारतीय संगीतमाला’ या नावाने प्रसिद्ध केल्या. बुवांच्या मुखातून आलेल्या चिजा जशाच्या तशा टिकवण्याचे काम त्यांच्याइतक्या निष्ठेने फार थोड्यांनी केले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. मिरजेचे नीळकंठबुवा अलूरमठ हे बुवांचे आणखी एक शिष्य. त्यांनी स्वतः कीर्ती मिळवली नाही, पण धारवाडकडच्या एका मुलाला मिरजेत ठेवून घेऊन ग्वाल्हेर गायकीचा पाया घालून दिला. तो मुलगा म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर. मन्सूर पुढे जयपूर घराण्याचे थोर गायक झाले, तरी त्यांचे ख्यालाचे पहिले रीतसर शिक्षण बाळकृष्णबुवांच्या शिष्याकडे झालेले आहे. गुंडूबुवा इंगळे हेही याच मालिकेतले. त्यांचे पुत्र केशवबुवा इंगळे यांनी बाळकृष्णबुवांचे चरित्र लिहिले. हे चरित्र नसते तर बुवांच्या आयुष्याची कितीतरी माहिती आख्यायिकांत विरून गेली असती.

इचलकरंजीच्या शेजारच्या गावांनाही याच काळात संगीताचा बहर आला होता. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणे शिकले आणि पुढे त्यांनी भारतीय मालकीची पहिली नामांकित सर्कस काढली. हद्दूखाँचे धाकटे पुत्र रहिमतखाँ भ्रमिष्टासारखे फिरत असताना छत्र्यांनी त्यांना सांभाळले, सर्कशीबरोबर गावोगाव नेले आणि त्यांचे गाणे लोकांना ऐकवले. अखेरच्या काळात रहिमतखाँ छत्र्यांच्या कुटुंबाबरोबर कुरुंदवाडला राहिले आणि १९२२ मध्ये तिथेच वारले. ग्वाल्हेरच्या मूळ घराण्याचा वारस आणि त्या घराण्याची विद्या महाराष्ट्रात वाटणारा गुरू हे दोघे आयुष्याच्या शेवटी काही कोसांच्या अंतरावर राहत होते. मिरजेत किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ स्थायिक झाले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ मध्ये मिरजेचाच. मिरजेच्या सतारमेकर कुटुंबांनी तंबोरे आणि सतारी बनवण्याचा व्यवसाय पिढ्यान् पिढ्या चालवला आणि कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये अल्लादियाखाँना दरबारी गवई नेमले. ग्वाल्हेर, किराणा आणि जयपूर या तीन मोठ्या घराण्यांचे अग्रणी एकाच टापूत एकाच वेळी नांदत होते, ही गोष्ट हिंदुस्थानात अन्यत्र क्वचितच घडली असेल.

बाळकृष्णबुवांना शेवटी पुत्रवियोग सोसावा लागला. तालमीत तयार झालेला मुलगा अण्णाबुवा ऐन तारुण्यात गेला आणि त्या धक्क्यातून बुवा सावरले नाहीत. १९२६ मध्ये इचलकरंजीत त्यांचे निधन झाले.

ज्या जहागिरदारांच्या आश्रयाला बुवा राहिले, ते नारायणराव बाबासाहेब घोरपडे हे आधुनिक दृष्टीचे गृहस्थ होते. पहिल्या महायुद्धाच्या आधी ते विलायतेला जाऊन आले. शिक्षण, ग्रंथप्रकाशन आणि कला यांना त्यांनी सढळ हाताने मदत केली आणि जहागिरीत उद्योग यावेत यासाठी प्रयत्न केला. शेतीच्या उत्पन्नावर संस्थान फार काळ तगणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या प्रोत्साहनाने १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि व्यंकटेश रंगतंतू मिल सुरू केली. गावात हातमागावर विणणारे कोष्टी, साळी, देवांग असे समाज पूर्वीपासून होते. विणण्याचे कसब होते, बाजार होता आणि धन्याचा पाठिंबा होता. एकाचे पाहून दुसऱ्याने माग घेतले. नऊवारी लुगडी आणि धोतरे विणणारे गाव हळूहळू पॉपलिन आणि कॅम्ब्रिक विणू लागले. मोठी गिरणी एकाची आणि बाकीचे सारे मजूर असे मुंबईसारखे चित्र इथे निर्माण झाले नाही. घराच्या पडवीत चार माग टाकून बसणारा माणूस हा इथल्या उद्योगाचा पाया राहिला. व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा खर्चीवाला, बीम भरणारा वहिफणी कामगार, कांड्या भरणाऱ्या बायका, जॉबर, सायझिंगवाला अशी कामाची साखळी तयार झाली. मागांची संख्या पुढे लाखाच्या घरात गेली आणि शहराला महाराष्ट्राचे मँचेस्टर हे नाव पडले.

१९४३ मध्ये बाबासाहेबांचे निधन झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि जहागिरीचा शेवट झाला. दरबार गेल्यावर गावाचे पुढारपण सहकारातल्या माणसांकडे आले. शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार हे प्रजापरिषदेचे झुंजार नेते, १९४२ च्या लढ्यातले भूमिगत आणि संविधान सभेचे सदस्य. त्यांनी इचलकरंजीच्या सीमेवर गंगानगरला पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. दत्ताजीराव कदम यांनी डेक्कन सहकारी सूतगिरणीच्या रूपाने सहकार सुतापर्यंत नेला. लहान मागधारकाला सूत व्यापाऱ्याच्याच दारी मागावे लागे, त्यावर हा उपाय होता. आचार्य शांताराम गरुड यांनी १९७७ मध्ये समाजवादी प्रबोधिनी स्थापन केली. व्याख्याने, शिबिरे, पुस्तके आणि मासिक यांतून कामगारांच्या गावात विचारांचे काम सातत्याने करणारी ही संस्था आजही टिकून आहे.

१९७४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इचलकरंजीत भरले. अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. संगीतात आकंठ बुडालेला लेखक बाळकृष्णबुवांच्या गावी संमेलनाध्यक्ष म्हणून यावा, हा योग जुळून आला. यंत्रमागांच्या गावाने एवढे संमेलन पार पाडले, यावरून गावाची सांस्कृतिक भूक दरबाराबरोबर संपली नव्हती हे दिसते. घोरपड्यांच्या राजवाड्यात आता दत्ताजीराव कदम टेक्निकल एज्युकेशन सोसायटीची वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकी शिक्षण देणारी संस्था आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतून बाहेर पडलेले तंत्रज्ञ देशभरच्या कापड गिरण्यांत काम करतात.

संगीताच्या बाबतीत मात्र इचलकरंजीने आपल्या वारशाचे पुरेसे चीज केले असे म्हणता येत नाही. बुवांचे शिष्य लाहोर, मुंबई, पुणे, औंध असे विखुरले. दरबार संपल्यावर गावात त्यांच्या जागी बसणारा तोलामोलाचा गुरू उरला नाही. गायकी टिकली आणि वाढली ती बाहेर, गांधर्व महाविद्यालयांच्या शाखांतून. बुवांच्या नावाचे एखादे अभ्यासकेंद्र, जिथे मिराशीबुवांच्या स्वरलिप्या, जुन्या ध्वनिमुद्रिका आणि शिष्यपरंपरेची कागदपत्रे एकत्र पाहता येतील, या शहरात असायला हवे. लाखभर माग चालवणाऱ्या शहराला ते न परवडण्यासारखे नाही.

विष्णु दिगंबरांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्येच अहमदाबादला गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिकपासून संगीत अलंकारापर्यंतच्या मंडळाच्या परीक्षांना आज देशभरातून विद्यार्थी बसतात, रत्नागिरी जिल्ह्यातली गाणे, पेटी, तबला शिकणारी मुलेही त्यांत असतात. ज्या मिरजेत पलुसकरांनी बाळकृष्णबुवांपुढे बसून पहिला षड्ज लावला, त्याच मिरजेतल्या कार्यालयातून या परीक्षांचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे.